संदर्भनिर्देशन (सामाजिक शास्त्रे)

संदर्भनिर्देशन म्हणजे शोधनिबंध, प्रबंध वा ग्रंथ लिहिताना ज्या साधनांतून माहिती, आकडेवारी, विचार किंवा शब्द घेतले, त्यांचा ठरावीक पद्धतीने केलेला उल्लेख होय. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानवशास्त्र, मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र इत्यादी सामाजिक शास्त्रांत हा उल्लेख बहुधा दोन ठिकाणी केला जातो. मजकुरात त्या त्या विधानाजवळ थोडक्यात निर्देश येतो आणि लेखनाच्या शेवटी संदर्भसूचीत त्या साधनाचा संपूर्ण तपशील येतो. मजकुरातील प्रत्येक निर्देशाची नोंद सूचीत असणे आणि सूचीतील प्रत्येक नोंदीचा निर्देश मजकुरात असणे, हा या पद्धतीचा मूलभूत नियम आहे. वाचलेल्या परंतु प्रत्यक्ष न वापरलेल्या ग्रंथांचाही समावेश असलेल्या यादीस 'ग्रंथसूची' म्हणतात. ती संदर्भसूचीहून वेगळी असते.

## उद्देश

संदर्भनिर्देशनाचे प्रमुख उद्देश तीन आहेत. पहिला पडताळणीचा. विधान कशाच्या आधारे केले हे कळल्यास वाचक मूळ साधनापर्यंत जाऊन त्याची शहानिशा करू शकतो. दुसरा श्रेयाचा. कल्पना, संज्ञा, वर्गीकरण किंवा आकडेवारी ज्याने श्रमपूर्वक सिद्ध केली, त्याचे ऋण नोंदवणे आवश्यक असते. तिसरा उद्देश लेखकाचे स्वतःचे म्हणणे वेगळे दाखवण्याचा आहे. संदर्भ नीट दिलेले असले, की जे विधान संदर्भाविना येते ते लेखकाचे आहे, असे वाचक धरून चालतो. म्हणून संदर्भ गाळल्यास दुसऱ्याचे श्रेय हिरावले जाते, त्याचबरोबर लेखकाच्या स्वतःच्या निष्कर्षांवरील विश्वासही उणावतो.

सामाजिक शास्त्रांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. प्रयोगशाळेतील प्रयोग पुन्हा करून पाहता येतो, परंतु विशिष्ट वर्षी विशिष्ट गावात घेतलेली मुलाखत पुन्हा तशीच घेता येत नाही. साधन कोणते, कोणत्या काळातील आणि कोणी नोंदवलेले, हे स्पष्ट नसेल तर अशा विधानाच्या पडताळणीचा मार्गच बंद होतो.

## इतिहास

आधार सांगूनच लिहिण्याचा आग्रह आधुनिक विद्यापीठांच्या कितीतरी आधीचा आहे. कालिदासाच्या काव्यांवर टीका लिहिणाऱ्या मल्लिनाथाने निराधार काहीही लिहिणार नाही, अशी प्रतिज्ञा केली होती. संस्कृत टीकाकार कोशांची व पूर्वसूरींची नावे घेऊन अर्थ सिद्ध करीत. युरोपात प्येर बेल याच्या १६९७ साली प्रसिद्ध झालेल्या कोशात टीपांचा विस्तार मूळ मजकुराहून मोठा होता. १९व्या शतकात लेओपोल्ड फॉन रांके याच्या प्रभावाने मूळ कागदपत्रांचा हवाला तळटीपेत देणे ही इतिहासलेखनाची खूण बनली. अँथनी ग्राफ्टन या इतिहासकाराने १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तळटीपेचाच इतिहास सांगितला आहे. महाराष्ट्रात वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या खंडांद्वारे अस्सल पत्रे छापून साधनांवर आधारलेल्या लेखनाचा पाया घातला.

सामाजिक शास्त्रांत आज रूढ असलेली लेखक-वर्ष पद्धती मात्र प्राणिशास्त्रातून आली. हार्वर्ड विद्यापीठातील प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी १८८१ साली शंखहीन गोगलगायीवरील आपल्या निबंधात लेखकाचे नाव व वर्ष कंसात देण्याची रीत वापरली. यावरूनच या पद्धतीस 'हार्वर्ड पद्धती' असे नाव पडले, असे मानले जाते. हार्वर्ड विद्यापीठाने या नावाची कोणतीही अधिकृत नियमावली काढलेली नाही. त्यामुळे 'हार्वर्ड' या नावाखाली निरनिराळ्या संस्थांत थोडे निरनिराळे नियम आढळतात.

## प्रमुख पद्धती

### लेखक-वर्ष पद्धती

या पद्धतीत विधानानंतर कंसात लेखकाचे आडनाव, प्रकाशनवर्ष आणि आवश्यक तेथे पृष्ठांक दिला जातो. एखादे संशोधन किती जुने आहे हे वाचकाला वाक्य वाचतानाच कळते. सामाजिक वास्तव सतत बदलत असल्याने ही सोय या शास्त्रांत विशेष उपयोगी ठरते. या पद्धतीच्या मुख्य नियमावल्या पुढीलप्रमाणे:

* एपीए: अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची नियमावली. १९२९ साली एका नियतकालिकात सात पानी सूचनांच्या रूपाने तिचा आरंभ झाला. सातवी आवृत्ती २०१९ च्या अखेरीस निघाली. मानसशास्त्र, शिक्षणशास्त्र व समाजकार्य या विषयांत ती प्रामुख्याने वापरतात.
* शिकागो: शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची नियमावली, पहिली आवृत्ती १९०६. तीत टीपा-ग्रंथसूची आणि लेखक-वर्ष असे दोन पर्याय आहेत. पहिला पर्याय इतिहासकारांना, तर दुसरा समाजशास्त्रज्ञांना सोयीचा वाटतो. १८वी आवृत्ती २०२४ साली निघाली.
* एएसए: अमेरिकन सोशिऑलॉजिकल असोसिएशनची नियमावली. ती शिकागोच्या लेखक-वर्ष पर्यायाला जवळची आहे.

मुंबईहून प्रसिद्ध होणारे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' हे साप्ताहिकही लेखक-वर्ष पद्धतीच वापरते.

### टीपा पद्धती

मजकुरात वर क्रमांक टाकून पृष्ठाच्या तळाशी किंवा प्रकरणाच्या शेवटी तपशील देतात. अभिलेखागारातील कागद, पत्रव्यवहार, न्यायालयीन निकाल अशी साधने कंसात मावत नाहीत, त्यांच्यासाठी ही पद्धती योग्य ठरते. मराठी प्रबंधांत तिचा वापर पूर्वापार आहे. तीत 'तत्रैव' (लगेच आधीच्या टीपेतील साधन) आणि 'उनि' म्हणजे उपरिनिर्दिष्ट (पूर्वी उल्लेखिलेले साधन) हे संक्षेप येतात. मधे नवी टीप घातली गेल्यास 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. त्यामुळे अलीकडे लेखकाचे आडनाव व ग्रंथाचे संक्षिप्त नाव पुन्हा देण्याकडे कल आहे.

### क्रमांक पद्धती

संदर्भांना मजकुरातील क्रमाने आकडे देण्याची ही रीत वैद्यकात रूढ आहे. १९७८ साली व्हँकूवर येथे वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची बैठक झाली, तिच्यावरून हिला 'व्हँकूवर पद्धती' म्हणतात. सामाजिक शास्त्रांत ती क्वचितच वापरतात.

## मजकुरातील निर्देश

दुसऱ्याचे साहित्य तीन प्रकारे वापरले जाते आणि तिन्ही प्रकारांत संदर्भ द्यावा लागतो.

1. अवतरण: मूळ शब्द जसेच्या तसे अवतरणचिन्हांत देणे. येथे पृष्ठांक अनिवार्य असतो. एपीए नियमावलीनुसार ४० किंवा त्याहून अधिक शब्दांचे अवतरण स्वतंत्र परिच्छेदात, समास सोडून आणि अवतरणचिन्हांविना देतात. गाळलेला भाग तीन टिंबांनी आणि लेखकाने घातलेला शब्द चौकटी कंसाने दाखवतात.
2. शब्दांतर: मूळ विचार स्वतःच्या भाषेत व स्वतःच्या वाक्यरचनेत मांडणे. मूळ वाक्याची घडण कायम ठेवून चार-दोन शब्दांच्या जागी समानार्थी शब्द बसवणे हे शब्दांतर नव्हे, संदर्भ दिला तरीही.
3. सारांश: संपूर्ण ग्रंथाचा किंवा प्रकरणाचा मथितार्थ थोडक्यात सांगणे.

निर्देशाची जागा महत्त्वाची असते. पाच-सहा वाक्यांच्या परिच्छेदाच्या शेवटी एकच कंस टाकल्यास त्यातील नेमके कोणते विधान उसने आहे हे कळत नाही. "आत्रे (१९१५) यांच्या मते" अशी वाक्याची सुरुवात केल्यास दुसऱ्याचे मत कोठे सुरू होते ते स्पष्ट होते.

दोन लेखक असल्यास दोघांचीही आडनावे देतात. तीन किंवा अधिक लेखक असल्यास एपीएच्या सातव्या आवृत्तीनुसार पहिल्या निर्देशापासूनच पहिले आडनाव व 'आणि इतर' असे लिहितात. एकाच लेखकाची एकाच वर्षातील दोन लेखने असल्यास वर्षापुढे 'अ', 'ब' ही अक्षरे जोडतात. ही अक्षरे सूचीतही तशीच यावी लागतात.

सर्वज्ञात गोष्टींना संदर्भ लागत नाही. भारताचे संविधान २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आले, या विधानाला आधार देण्याची गरज नाही. मात्र संविधानसभेतील एखाद्या सदस्याने विशिष्ट कलमास विरोध केला, असे लिहिताच चर्चेचा खंड, दिनांक व पृष्ठ सांगणे आवश्यक ठरते.

## संदर्भसूचीतील नोंदी

कोणत्याही नोंदीत चार प्रश्नांची उत्तरे असतात: कोणी लिहिले, केव्हा लिहिले, काय लिहिले आणि ते कोठे मिळेल. एपीए पद्धतीनुसार काही नमुने असे:

* ग्रंथ: कर्वे, इ. (१९५३). *किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया*. डेक्कन कॉलेज.
* नियतकालिकातील लेख: रेकडाल, ओ. बी. (२०१४). अकॅडेमिक अर्बन लेजंड्स. *सोशल स्टडीज ऑफ सायन्स*, ४४(४), ६३८–६५४.
* संस्थेचा अहवाल: आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था व आयसीएफ. (२०२१). *राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण (एनएफएचएस-५), २०१९–२१: भारत*.

दुसऱ्या नमुन्यात ४४ हा खंड, ४ हा अंक आणि अखेरचे आकडे पृष्ठांक होत. ग्रंथाचे किंवा नियतकालिकाचे नाव तिरक्या अक्षरांत असते, लेखाचे नसते. प्रकाशनस्थळ देण्याची प्रथा आता मागे पडत आहे. एपीएने ते सातव्या आवृत्तीत व शिकागोने १८व्या आवृत्तीत अनिवार्य ठेवलेले नाही. नियतकालिकातील लेखांना आणि अनेक ग्रंथांना 'डीओआय' हा कायमस्वरूपी ओळखक्रमांक असतो. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी तो बदलत नाही, म्हणून उपलब्ध असल्यास नोंदीच्या शेवटी तोच देतात.

## पुनर्मुद्रित व संकलित लेखन

जुने लेखन नव्या आवृत्तीतून वाचले असल्यास दोन्ही वर्षे देणे आवश्यक असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भारतातील जातींची घडण, उगम व विकास यांविषयीचा इंग्रजी निबंध ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठातील मानवशास्त्राच्या चर्चासत्रात वाचला. तो मे १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला. पुढे महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या आणि वसंत मून यांनी संपादित केलेल्या समग्र वाङ्मयाच्या पहिल्या खंडात तो १९७९ साली समाविष्ट झाला. हा निबंध आज खंडातून वाचणाऱ्याने केवळ '(आंबेडकर, १९७९)' असे लिहिल्यास, हा विचार लेखकाच्या निधनानंतर तेवीस वर्षांनी मांडला गेला असा चमत्कारिक अर्थ होतो. केवळ '(आंबेडकर, १९१७)' असे लिहिल्यास पृष्ठांक जुळत नाहीत. '(आंबेडकर, १९१७/१९७९)' या रूपात विचाराचा काळ आणि वापरलेली प्रत या दोहोंची नोंद होते.

## दुय्यम संदर्भ

मूळ ग्रंथ न पाहता दुसऱ्याने दिलेल्या उताऱ्यावरून उल्लेख करणे म्हणजे दुय्यम संदर्भ होय. तो शक्यतो टाळावा, असे सर्व नियमावल्या सांगतात. मूळ ग्रंथ दुर्मीळ असल्यास "घुर्ये यांच्या मते (… मध्ये उद्धृत)" असे प्रांजळपणे लिहून सूचीत केवळ प्रत्यक्ष वाचलेला ग्रंथ देतात.

न वाचताच संदर्भ उचलण्याच्या सवयीचे परिणाम अभ्यासकांनी दाखवून दिले आहेत. मिखाइल सिमकिन व वाणी रॉयचौधरी यांनी २००३ साली भौतिकशास्त्रातील एका प्रसिद्ध निबंधाच्या सुमारे ४,३०० संदर्भांची तपासणी केली. त्यांपैकी १९६ संदर्भांत मुद्रणदोष होते, पण वेगवेगळे दोष केवळ ४५ होते. एकच चुकीचा पृष्ठांक तर ७८ वेळा आला होता. एकाची चूक दुसऱ्याने जशीच्या तशी उतरवून घेतल्याचे हे लक्षण होय. यावरून संदर्भ देणाऱ्यांपैकी सुमारे २० टक्केच मूळ निबंध वाचत असावेत, असा अंदाज त्यांनी वर्तवला.

दुसरे उदाहरण पालकाच्या भाजीचे आहे. दशांशचिन्ह चुकल्यामुळे पालकातील लोहाचे प्रमाण दहापट मानले गेले, ही कथा १९८१ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातील लेखात आली. त्या लेखात तिचा आधार दिलेला नव्हता. तरीही निष्काळजी संशोधनाचे उदाहरण म्हणून ती वर्षानुवर्षे उद्धृत होत राहिली. दशांशचिन्हाच्या या चुकीला पुरावा सापडत नसल्याचे माइक सटन यांनी २०१० साली दाखवले. ओले ब्योर्न रेकडाल या नॉर्वेजियन सामाजिक मानवशास्त्रज्ञाने २०१४ च्या वर उल्लेखिलेल्या लेखात या प्रवासाची चिकित्सा केली. काळजीपूर्वक संशोधन करा, असे सांगण्यासाठीच न तपासलेली कथा वापरली गेली, हा त्यातील विरोधाभास आहे.

एका प्रकाशनसंस्थेने लेखकांसाठी दिलेल्या नमुन्यातील काल्पनिक निबंध खरा समजून शेकडो लेखांच्या सूचींत दाखल झाल्याचेही २०१७ साली उघडकीस आले. ज्या नियतकालिकाचे नाव त्या नमुन्यात होते, ते नियतकालिकच अस्तित्वात नव्हते.

## मराठी व भारतीय साधनांचे विशेष प्रश्न

शकवर्षे: जुन्या मराठी ग्रंथांवर अनेकदा शालिवाहन शक असतो. शकात ७८ मिळवल्यास इसवी सन येतो. परंतु शकवर्ष चैत्रात सुरू होत असल्याने जानेवारी ते फाल्गुनअखेर या काळासाठी ७९ मिळवावे लागतात. महिना ठाऊक नसल्यास 'शके १८३७ (१९१५–१६)' असे दोन्ही देणे सुरक्षित असते.

नावे: मराठी नावात आडनाव शेवटी असते, पण एम. एन. श्रीनिवास यांसारख्या दक्षिण भारतीय नावांत अखेरचा शब्द आडनाव नसून व्यक्तिनाम असते. तरीही सूचीत ते 'श्रीनिवास, एम. एन.' असेच येते. लेखकाने स्वतः ज्या नावाने लिहिले तेच नाव द्यावे. लेखिकेचे नाव विवाहानंतर बदलले असल्यास जुन्या ग्रंथावरील नाव परस्पर बदलू नये.

वर्णक्रम: मराठी निबंधात मराठी नोंदी देवनागरी वर्णानुक्रमाने व इंग्रजी नोंदी रोमन वर्णानुक्रमाने अशा दोन भागांत देण्याची प्रथा आहे.

अनुवाद: इंग्रजी उतारा मराठीत स्वतः आणला असल्यास अवतरणापुढे 'अनुवाद प्रस्तुत लेखकाचा' असे नोंदवतात. छापील अनुवाद वापरल्यास अनुवादकाचे नाव गाळता येत नाही.

शासकीय व अभिलेखीय साधने: जनगणनेचा उल्लेख करताना केवळ 'जनगणना २०११' एवढे पुरेसे नसते, तर तक्त्याचा क्रमांकही लागतो. पुणे येथील पेशवे दफ्तरासारख्या संग्रहातील कागदासाठी अभिलेखागाराचे नाव, दफ्तर, रुमाल व कागदाचा क्रमांक देतात. रुमालाचा क्रमांक नसेल तर तो कागद पुन्हा सापडणे जवळजवळ अशक्य असते.

## मौखिक साधने आणि गोपनीयता

मुलाखती व क्षेत्रकार्यातील नोंदी वाचकाला उपलब्ध नसतात. म्हणून एपीए पद्धतीत खासगी संभाषण किंवा पत्र सूचीत न देता केवळ मजकुरात 'वैयक्तिक संवाद' म्हणून दिनांकासह नोंदवतात. संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखतींतील सहभागी व्यक्तींचे निर्देश मात्र असेही करत नाहीत. त्यांची विधाने संशोधनाची सामग्री मानून टोपणनावाने देतात.

येथे संदर्भनिर्देशनाच्या दोन कर्तव्यांत संघर्ष उभा राहतो. पडताळणीसाठी साधन उघड करावे लागते, तर माहिती देणाऱ्याच्या संरक्षणासाठी ते झाकावे लागते. सावकाराविरुद्ध बोललेला शेतमजूर किंवा घरातील हिंसेविषयी सांगणारी स्त्री यांची ओळख उघड झाल्यास त्यांना प्रत्यक्ष इजा पोहोचू शकते. अशा वेळी गोपनीयतेस अग्रक्रम देतात आणि मुलाखत कोणत्या वर्षी, कोणत्या प्रकारच्या वस्तीत व कोणत्या पद्धतीने घेतली हे सांगून पडताळणीची उणीव शक्य तितकी भरून काढतात. याउलट लोकगीते सांगणारी स्त्री, कारागीर किंवा चळवळीतील कार्यकर्ता आपले नाव यावे अशी इच्छा व्यक्त करतात. त्यांना अनामिक ठेवणे हा श्रेयाचा अपहार ठरतो. म्हणून नाव द्यावे की नाही, हे मुलाखतीपूर्वीच विचारून घेणे आवश्यक असते.

साधनाचे स्वरूप प्रामाणिकपणे सांगण्याचे एक प्रसिद्ध उदाहरण श्रीनिवास यांचे आहे. १९७० साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड येथे लागलेल्या आगीत त्यांची कर्नाटकातील एका गावाविषयीची संस्कारित टिपणे जळाली. त्यानंतर त्यांनी प्रामुख्याने स्मरणावर विसंबून 'द रिमेंबर्ड व्हिलेज' (१९७६) हा ग्रंथ लिहिला. त्यांनी ही गोष्ट लपवली नाही, उलट ग्रंथाच्या नावातच ती नोंदवली. गावालाही त्यांनी 'रामपुरा' हे टोपणनाव दिले होते.

## वाङ्मयचौर्य व भारतातील नियम

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली उच्च शिक्षणसंस्थांतील वाङ्मयचौर्यास प्रतिबंध करणारे विनियम लागू केले. त्यांत साम्याचे चार स्तर आहेत: १० टक्क्यांपर्यंत, १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांहून अधिक. पहिल्या स्तरास शिक्षा नाही. दुसऱ्या स्तरात विद्यार्थ्याला सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रबंध सादर करावा लागतो, तिसऱ्यात एक वर्षपर्यंत सुधारित प्रबंध सादर करता येत नाही आणि चौथ्यात नोंदणी रद्द होते. योग्य श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका व ऋणनिर्देश या मोजणीतून वगळले जातात.

संगणकप्रणाली दाखवते ती टक्केवारी शब्दसाम्याची असते, चौर्याची नव्हे. कायद्याच्या कलमांमुळे साम्य वाढू शकते. याउलट दुसऱ्याचा संपूर्ण युक्तिवाद नव्या शब्दांत उचलल्यास टक्केवारी शून्याजवळ राहूनही ते चौर्यच असते. इंग्रजी ग्रंथाचा नामनिर्देशाविना केलेला मराठी अनुवाद हाही याच प्रकारात मोडतो.

## संगणकीय साधने

झोटेरो (२००६ पासून), मेंडेले, एंडनोट यांसारख्या प्रणाली संदर्भ साठवून हव्या त्या पद्धतीत सूची तयार करून देतात. मूळ नोंदीतील चूक मात्र त्या सुधारत नाहीत. देवनागरी नोंदींत 'संपा.', 'आणि इतर' असे शब्द इंग्रजीत उमटण्याचा दोष अनेकदा हाताने दुरुस्त करावा लागतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित लेखनप्रणाली अस्तित्वात नसलेले संदर्भही खऱ्या वाटाव्या अशा रूपात रचतात. २०२३ साली न्यूयॉर्कमधील संघीय न्यायालयाने अशा रीतीने तयार झालेले काल्पनिक निवाडे सादर केल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड केला. प्रत्येक संदर्भ स्वतः उघडून पाहणे, हाच यावरील उपाय आहे.

## संदर्भांचे राजकारण

कोणाचा उल्लेख होतो आणि कोणाचा होत नाही, हा स्वतंत्र अभ्यासविषय बनला आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली 'मॅथ्यू परिणाम' ही संज्ञा मांडली. समान योगदान असूनही आधीच प्रसिद्ध असलेल्यास अधिक श्रेय मिळते, असा तिचा आशय आहे. यूजीन गारफील्ड यांच्या संदर्भ-निर्देशांकांनंतर संदर्भांची संख्या हे मूल्यमापनाचे साधन बनले आणि ही विषमता अधिक ठळक झाली. क्रिस्टन स्मिथ यांनी २०१७ साली अमेरिकेत सुरू केलेली कृष्णवर्णीय स्त्रियांच्या लेखनाला श्रेय देण्याची मोहीम याच जाणिवेतून आली. भारतीय भाषांत लिहिणाऱ्यांचे लेखन इंग्रजी निर्देशांकांत अभावानेच मोजले जाते. महात्मा फुले यांचा 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) किंवा ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) यांसारख्या ग्रंथांचा आधार मूळ मराठीतून व पृष्ठांकासह देणे, हा म्हणूनच भाषिक न्यायाचाही प्रश्न ठरतो.

## हेही पहा

* वाङ्मयचौर्य
* तळटीप
* ग्रंथसूची
* संशोधन पद्धती
* प्राथमिक व दुय्यम साधने